आमच्या कुशीचा मुकादम कोण?

(जालना इथल्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, थोडं सावरून.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढं विषय छापलाय : 'स्थलांतरित कुटुंबे आणि कुटुंबनियोजन'. छापणाऱ्या साथीचा दोष नाही. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर हाच शब्द रंगवलेला असतो, तोच आपल्या तोंडात बसलाय. पण मी या विषयावर बोलणार नाही. नियोजन करायला माणसाच्या मुठीत काहीतरी असावं लागतं. पगाराची तारीख लागते, आजारी पडलो तरी काम टिकेल एवढी खात्री लागते, उद्या कुठल्या छपराखाली झोपणार हे ठाऊक असावं लागतं. ज्या बाईकडं यातलं काहीच नाही तिला लाल त्रिकोण दाखवून 'छोटं कुटुंब, सुखी कुटुंब' म्हणणं हा निव्वळ चावटपणा आहे.

मला विचारायचंय ते असं. लेकरू कधी व्हावं, किती व्हावीत, आणि बाईची पिशवी बाईच्या पोटात राहावी की नाही, हे आपल्या जिल्ह्यात ठरवतं कोण? तुम्ही म्हणाल नवरा ठरवतो, सासू ठरवते, फार तर देव ठरवतो. मी म्हणतो, कायदा ठरवतो. कायदा ज्याला कामगार म्हणतो त्याच्या घरात लेकरू एका रीतीनं येतं. कायदा ज्याला ओळखतच नाही त्याच्या घरात ते दुसऱ्याच रीतीनं येतं. मी मुंबईच्या गोदीत हमाली करतो, मॅट्रिकच्या पुढं गेलो नाही, जमेल तशा कविता लिहितो. कायद्याची कलमं कळली ती युनियनच्या ऑफिसात जुन्या लोकांच्या पायाशी बसून. बाकीचं कळलं ते इथं, माझ्याच घरात.

दसरा झाला की मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतली गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रक लागतात, ट्रॅक्टर लागतात. पीठ, भांडी, कोंबड्या, लेकरं वर चढतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी सोलापूर-पुण्याकडं, कुणी थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटला. त्यात बंजारा आहेत, वंजारी आहेत, मातंग आहेत, बौद्ध आहेत, भिल्ल, धनगर, मुसलमान आहेत, आणि जमीन तुकडे-तुकडे होऊन संपलेला मराठाही आहे. १९७३ साली पँथरच्या जाहीरनाम्यानं दलित कोण ते सांगताना अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया अशी यादी दिली होती. ती यादी बघायची असेल तर त्या ट्रकच्या फाळक्याजवळ उभं राहा. अख्खी यादी वर बसलेली असते.

किती माणसं जातात? राज्याचा आकडा कुणी आठ लाख सांगतं, कुणी बारा. कारखान्याकडं उसाचा हिशोब किलोपर्यंत असतो, बरं का. माणसाचा मात्र अंदाज.

कारण तिथं माणूस मोजतच नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीवर मिळते, पन्नास हजारापासून लाखाच्या वरपर्यंत, आणि ती नवऱ्याच्या हातात पडते. अंगठा त्याचा, नाव त्याचं. मुकादमाच्या वहीत बाईचं नाव नसतं. ऊस तोडते ती, मोळी बांधते ती, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढते ती, पहाटे तीनला उठून भाकरी थापते ती. हिशोबात ती कोयत्याचा अर्धा भाग. एकटा गडी गेला तर त्याला म्हणतातच अर्धा कोयता.

आता इथून लेकरांचा हिशोब सुरू होतो. पूर्ण उचल पाहिजे तर जोडी पाहिजे. जोडी पाहिजे तर लग्न पाहिजे. पोरगं अठरा-एकोणीसचं झालं की बाप म्हणतो, याला कुठवर अर्ध्यावर ठेवायचं. तिकडं पोरीचा बाप सहा महिने फडावर. वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? फडावर नेली तर कोपीला दार नसतं. मग पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिला उजवतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वीस ते चोवीस वयाच्या बायकांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात शेकडा २१.९ निघाल्या. शेजारच्या बीडमध्ये ४३.७. परभणीत ४८. जालना या दोघांच्या शेजाराला आहे, तेव्हा आपण फार फुशारकी मारायला नको. पेपरवाले याला अज्ञान म्हणतात, अंधश्रद्धा म्हणतात. कसलं अज्ञान? उचलीचा भाव आणि पोरीची अब्रू, दोन्हीचा हिशोब करून काढलेलं उत्तर आहे ते. उत्तर भिकार आहे, कबूल. पण गणित घातलं कुणी?

आमच्या घरातलं सांगतो. दोन सख्खे भाऊ. १९७२ च्या दुष्काळात थोरला मुंबईला गेला, धाकटा परतूर तालुक्यात राहिला. थोरल्याचा मी नातू. धाकट्याची नात माझी चुलत बहीण. आज सत्तावीस वर्षांची. सोळाव्या वर्षी लग्न झालं, त्याच दसऱ्याला कोयता. सतरा पूर्ण व्हायच्या आत पोरगा. एकोणिसाव्या वर्षी पोरगी. विसाव्या वर्षी ऑपरेशन. सव्विसाव्या वर्षी पिशवी काढली, एका खाजगी दवाखान्यात, उचलीतलेच पैसे भरून. डॉक्टर म्हणाला ठेवली तर कॅन्सर होईल. तिला अंगावरून जायचं, कंबर दुखायची, बस. मी तिला विचारलं, एवढी घाई कामून केली? ती म्हणाली, "दादा, लेकरू कवा व्हावं ते मुकादमाच्या वहीत लिव्हलेलं असतंय. आपल्याला फकस्त कळा द्यायच्या असत्यात."

हे वाक्य मी गंमत म्हणून सांगत नाही. ते शब्दशः खरं आहे, बोटांवर मोजून बघा. हंगाम दसरा-दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत. हंगामात एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचा दंड पाचशे रुपये, कुठं त्याहून जास्त. बाळंतपण हंगामात नको म्हणून तिनं मे महिना धरला, तर दिवस ऑगस्टमध्ये राहायला पाहिजेत. म्हणजे आठवा महिना भरेपर्यंत मोळ्या डोक्यावर. सप्टेंबर धरला, तर पोट हलकं असताना हंगाम जातो, पण दसऱ्याला ट्रकात बसताना लेकरू महिनाभराचं. कोपीत, पाचटाच्या धुरात, उघड्यावर. मधला जुलै धरला तरी तीन महिन्यांचं. कसंही फिरवा, एकतर पोट फडात जातं नाहीतर तान्हं फडात जातं. म्हणून बायकांनी तिसरी वाट काढली. लवकर जन्माला घाला, दोन-तीन वर्षांत उरकून टाका, ऑपरेशन करा आणि मोकळ्या व्हा. वीस-एकविसाव्या वर्षी आईपण संपवून टाकायचं. शहरातली बाई त्या वयात कॉलेजात असते.

आणि पाळी? पाळी दर महिन्याला येते. फडात संडास नाही, पाणी नाही, फडकं वाळवायला आडोसा नाही. दोन-तीन दिवस पडून राहावं तर खाडा. मग दवाखान्यातला माणूस सांगतो, लेकरं झालीत ना, पिशवीचं काय करायचं आता? २०१९ मध्ये बोंब झाली तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात सोळा-सतरा. त्याआधीच्या २०१५-१६ च्या कुटुंब पाहणीत सबंध राज्याचं प्रमाण शंभरात तीनसुद्धा नव्हतं.

मग उपाय काय झाला? बीडमध्ये नियम आला, पिशवी काढायची तर जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी लागेल. लुटारू डॉक्टरांना चाप बसला पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गंमत बघा. दुखणं फडात आणि पहारा बसवला पोटावर. बाईला सही घ्यायला जिल्ह्याला पाठवलं. खाडा लावणाऱ्याला कुणाचीही सही घ्यावी लागत नाही.

का लागत नाही, ते समजून घ्या, कारण सगळी गोम तिथं आहे. कोर्टात उभं राहून विचारा की ही बाई कुणाची कामगार. कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी, या बाईला आम्ही ओळखत नाही. तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना शेतकऱ्याच्या एफआरपीतून कापून घेतो, म्हणजे कागदावर मजुरी शेतकरी देतो. शेतकरी म्हणतो, टोळी माझ्या फडात कारखान्यानं पाठवली, चिटबॉय कारखान्याचा, तारीख कारखान्याची, माझा काय संबंध. मुकादम म्हणतो, मी तर यांच्यातलाच, यांच्यासारखाच कर्जात. नवरा म्हणतो, ती माझी बायको. संपलं. सहा महिने रोज राबणारी बाई कायद्यात कुणाची तरी बायको आहे, कुणाचीही कामगार नाही. आणि गंमत अशी की जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्के वाढला तो याच साखर कारखाना संघाबरोबर टेबलाला बसून. दर ठरवायला हे मालक. बाळंतपण आलं की हे परके.

बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९६१ पासून आहे. २०१७ मध्ये ती रजा पहिल्या दोन लेकरांसाठी सव्वीस आठवडे झाली. अट काय, तर वर्षभरात ऐंशी दिवस काम केलेलं पाहिजे. ऊसतोडीच्या बाईचे ऐंशी दिवस संक्रांतीच्या सुमारासच भरतात. दिवस भरतात, मालक सापडत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्यात, जुने कायदे त्यात विरघळले, पण ही फट तशीच आहे. दुसरी फट बघा. मंठ्याच्या एका घरातल्या दोघी जावा. एक टोळीबरोबर बेळगावला गेली, ती आंतरराज्य स्थलांतरित. तिच्यासाठी १९७९ चा कायदा होता, आता संहितेत प्रकरण आहे, प्रवासखर्च वगैरे कागदावर तरी आहे. दुसरी शिरोळला गेली. ती राज्याच्या आतच फिरली म्हणून कायद्याच्या लेखी कुठं गेलीच नाही. कोयता तोच, ऊस तोच, पोट तसंच. बेळगाववालीला तरी काय मिळतं म्हणा. पण भांडायला निदान एक ओळ आहे.

हे फक्त आपल्याकडं असं समजू नका. सिंगापूरला घरकामाच्या परवान्यावर बायका जातात, फिलिपाईन्सच्या, इंडोनेशियाच्या, आपल्या देशातल्याही. परवान्याची अटच अशी की दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि गरोदर निघाली तर परत पाठवणी. पूर्व जर्मनी, स्वतःला समाजवादी म्हणवणारा देश. १९८० च्या दशकात तिथं व्हिएतनामी मजूर बायका करारावर आणल्या. दिवस गेले तर गर्भ पाडा नाहीतर घरी जा, असा सरळ मामला होता. बाहेरून आणलेल्या बाईचे हात पाहिजेत, कूस नको, हे सगळ्याच मालकांचं एकमत आहे. तिथं ते परवान्यावर लिहितात. आपल्याकडं कागदच नाही म्हणून लिहावंही लागत नाही.

आता बाबासाहेबांकडं येतो. आपल्या सभांमधून बाबासाहेबांचा फोटो असतो, पण ते कुठं, केव्हा, कशासाठी भांडले याची तारीख फार थोड्यांना ठाऊक असते. जुलै १९२८, मुंबई कायदेमंडळ. गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाचा भत्ता मिळावा म्हणून बिल आलं होतं. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं यात साऱ्या देशाचं हित आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. जो तिच्या कामाचा फायदा घेतो त्यानं भार उचलला पाहिजे, असंही. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढं मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये खाणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या कायद्याची दुरुस्ती त्यांनीच आणली. हे एक अंग.

दुसरं अंग १० नोव्हेंबर १९३८ चं. मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव. बाबासाहेब हजर राहू शकले नाहीत, त्यांनी तयार केलेलं भाषण पी. जे. रोहम यांनी केलं. ठराव पडला. बाजूनं अकरा, विरोधात बावन्न. त्या काळात संततिनियमन हा शब्द सभ्य माणसं तोंडातही घेत नव्हती. आता ही दोन्ही अंगं एकत्र ठेवा. लेकरू नको म्हणायचा हक्कही बाईचा, आणि लेकरू झालं तर पगारी विसाव्याचा हक्कही बाईचा. एकाच माणसानं दोन्ही मागितले. सरकारनं नंतर त्यातलं अर्धं उचललं. लेकरू नको हा भाग घेतला, त्याचा हक्क काढून टाकला आणि हुकूम केला. १९७६ साली याच महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन लेकरांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून वाचलो. पण ती बुद्धी गेली नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं लेकरू झालेल्याला ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. आपल्या राखीव जागेवर निवडून आलेली बाई तिसऱ्या लेकरापायी घरी बसते. तिला ते लेकरू हवं होतं का, हे कुणी विचारत नाही. मातृवंदना योजनेत पहिल्या लेकराला पाच हजार, दुसऱ्याला सहा हजार पण मुलगी असेल तरच, तिसऱ्याला काही नाही. त्यातही नोंद अंगणवाडीत आणि बाई फडात.

ज्या पोरीचं लग्न सोळाव्या वर्षी झालं ती तर दवाखान्यात जायलाच भिते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अल्पवयीन गरोदर मुलगी आली की दवाखान्यानं पोलिसांना कळवायचं असतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अल्पवयीन बायकोशी संबंध हा बलात्कारच असं सांगितलं. निकाल योग्यच आहे, त्यात शंका नको. पण तिच्या बापाला तिला कोयत्यात जुंपायला लावणारी उचल मोकळी सुटते, आणि पोर पोलिसांच्या भीतीनं कोपीतच बाळंत होते. सासू नाळ कापते. वय विचारलं तर एकोणीस सांगायचं, हे तिला लग्नाआधीच पढवलेलं असतं.

आणि ते लेकरू? शिरोळच्या फडात जन्मलेल्या लेकराची नोंद शिरोळकडंच, एकवीस दिवसांत. आई-बाप रोज फड बदलतात, जाणार कोण. वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा झाला. २०२५ मध्ये घुसखोरांच्या नावानं राज्यानं उशिराच्या जन्मनोंदींचे नियम आणखी आवळले. म्हणजे आमचं लेकरू जन्मतःच संशयित. दाखला नाही म्हणून शाळा रखडते, शाळा नाही म्हणून जातीचा दाखला रखडतो, आणि दहा-बारा वर्षांनी मुकादमाच्या वहीत एक नवा अर्धा कोयता. अंबड आणि घनसावंगी हे तालुके संत भगवानबाबा वसतिगृह योजनेच्या पहिल्या यादीत आहेत. त्यांचं मोल मी कमी करत नाही. लेकरू शाळेत मागं राहिलं तर आईचं अर्धं ओझं उतरतं. पण वसतिगृह पोराला सांभाळतं, पोटातल्याला सांभाळत नाही.

२०२३ मध्ये याच अंबड तालुक्यातल्या आंतरवाली सराटीत सगळ्या महाराष्ट्राचे कॅमेरे आले. तिथंही प्रश्न कागदाचाच होता, कुणबीचा दाखला. त्या मागणीबद्दल काय म्हणायचं ते आपण दुसऱ्या सत्रात बोलू, भांडूसुद्धा. पण एका कागदानं घराची पुढची पिढी पालटते, हे त्या लोकांना बरोबर कळलंय. त्याच रस्त्यानं दसऱ्याला कोयत्यांचे ट्रक जातात. तेव्हा कॅमेरा नसतो.

कागदानं खरंच पालटतं का, असं कुणीतरी मागून विचारतंय. सांगतो. आमचे आजोबा १९७२ नंतर गोदीत लागले. त्याआधी कैक वर्षं गोदीतही असलाच कारभार होता. तोलीवाला माणसं गोळा करायचा, वाटलं तर काम, नाहीतर हाकलून. पी. डिमेलोंसारखे लोक त्याच्याविरुद्ध लढले. १९४८ साली गोदी कामगारांसाठी कायदा झाला, डॉक लेबर बोर्ड आलं. जहाज रोज वेगळं, स्टीव्हेडोर रोज वेगळा, तरी कामगार बोर्डाचा. काही वर्षांनी आजोबांना बिल्ला मिळाला. आजी सांगायची, बिल्ला मिळाला त्या वर्षी दवाखान्याचं कार्ड निघालं, आणि पुढचं बाळंतपण दवाखान्यात झालं. तिसरं लेकरू रांगायला लागलं तेव्हा ती आपणहून म्हणाली, आता बस. तिला कुणी त्रिकोण दाखवला नव्हता. झालेली पोरं जगणार, पगार दर महिन्याला येणार, म्हातारपणी पेन्शन आहे, एवढं तिला दिसत होतं. तिकडं परतूरला तिची जाऊ. सात बाळंतपणं, चार जगली. दोघी एकाच कुळात आलेल्या, दोघी निरक्षर. दोघींमध्ये फरक फक्त त्या पितळेच्या तुकड्याचा.

आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून. तेव्हाही व्यापारी हेच म्हणत होते, की हमालाचा मालक रोज बदलतो, कुणाकुणाला मालक म्हणायचं. कायद्यानं सांगितलं, मालक बदलू द्या, पैसे बोर्डात भरा. मजुरी बोर्डात, वर लेव्ही बोर्डात, त्यातून रजा, फंड, दवाखाना. म्हणजे छप्पन्न वर्षांहून जास्त काळ या राज्याला ठाऊक आहे की हे कसं करायचं. बाजारात साखरेचं पोतं उचलणारा माथाडी होऊ शकतो. त्या साखरेचा ऊस तोडणारी बाई का नाही? गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, टनामागं दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे आहेत, ग्रामसेवकामार्फत ओळखपत्रं आहेत. चांगलं आहे. पण ते कल्याण आहे. सरकार खूष असेल तर मिळेल, नसेल तर अर्ज पडून राहील. हक्काला मालक लागतो, ज्याच्याकडून वसूल करता येतं असा.

माझ्या आजोबांचा बिल्ला घरात खिळ्याला टांगलाय. मला तो मिळणार नाही. नव्वदच्या दशकात डॉक लेबर बोर्ड पोर्टात विलीन झालं, भरती आटली, आता ठेकेदार आहेत. मी पाळी संपली की चिठ्ठी घेतो. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली. घरात विचारतात, पाळणा कधी? बायको म्हणते, तुझी चिठ्ठी महिन्याची झाली की सांग. पन्नास वर्षांत आमचं घर फिरून आजीच्या जावेच्या जागी येऊन उभं राहिलंय, आणि शहरात बसलेल्या आपल्या पोरांनी हे नीट ऐकावं. कोयता फक्त फडात नसतो.

आता करायचं काय, ते थोडक्यात. मागण्या तीन. कोयता ही मोजणी बंद. बाईची नोंद तिच्या नावावर, मजुरी तिच्या खात्यात. माथाडीच्या धर्तीवर बोर्ड, आणि त्यात कारखान्याला मुख्य मालक म्हणून लिहायचं, म्हणजे खाडा बंद आणि बाळंतपणाची पगारी रजा त्याच्या तिजोरीतून. तिसरी, फड कुठल्याही जिल्ह्यात असो, जन्माची नोंद कारखान्यानं करून द्यायची, दाखला आईच्या हातात.

मागण्या लिहायला सोप्या असतात. त्यासाठी नोंदी लागतात आणि नोंदी आपल्याकडं नाहीत. येत्या दसऱ्याला ट्रक लागतील तेव्हा आपली दोन-दोन पोरं चारही तालुक्यांच्या नाक्यांवर उभी राहिली पाहिजेत. पोरी असतील तर फार बरं, बायका पोरांना पोटातलं सांगणार नाहीत. मुकादमाशी भांडू नका, तो ट्रक हलवून टाकेल. वहीत पहिलं बाईचं नाव लिहा, मग वय, खरं असेल ते. उचल किती, मुकादम कोण, कारखाना कुठला, किती महिन्यांची गरोदर, अंगावर पाजतं लेकरू आहे का, ऑपरेशन झालंय का, पिशवी आहे का. सांगायचं नसेल तर रकाना मोकळा सोडा, जबरदस्ती नको. वह्या कुलपात राहतील, नावं बाहेर जाणार नाहीत, हे तिला आधी सांगा. पट्टा पडून टोळ्या परत आल्या की याच बायकांना पुन्हा भेटायचं आणि किती खाडे लागले, किती लेकरं झाली, कुठं झाली ते पुढच्या पानावर लिहायचं. जेवणाच्या सुट्टीत मी दाराजवळ बसतो. ज्यांना मंठ्याचा आणि परतूरचा नाका घ्यायचाय त्यांनी नावं द्या, घनसावंगीला दोघं मिळालेत, अंबडला अजून कुणीच नाही.